एकेचाळीस सह्या

माझ्यामुळं अठराशे माणसं बुडणार आहेत, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. पतसंस्थेच्या ऑफिसात, टेबलाच्या पलीकडं बसून, चेअरमनसमोर. सांगताना तिनं मला आप्पा म्हटलं नाही. "सभासद केंगार" म्हणाली.

मी म्हटलं, मी कुणाचं काय घेतलंय? माझ्या नावावर संस्थेचा एक रुपया नाही.

"कर्ज असतं तर बरं झालं असतं," मोनाली म्हणाली. "कर्ज फेडता येतं. तुम्ही एकेचाळीस जणांना जामीन आहात."

चेअरमन सावर्डेकर गुळाचे व्यापारी. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, माणूस म्हणून सर्जेराव तुमच्याबद्दल काही बोलायचं नाही, पण काटा माणूस बघत नाही. मग त्यांनी चहा मागवला, दोन कप. मला विचारलं नाही.

मी कृष्णाकाठच्या हळदीच्या पेठेत बेचाळीस वर्षं हमाली केली. तिथं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, वर तोंड बारीक आणि आत पोट मोठं असा खड्डा. महापुरांनी जुनी पेवं खचली. पण गोदामाचं भाडं आणि विजेचं बिल परवडेना, तेव्हा व्यापाऱ्यांनी सिमेंटच्या कड्या टाकून नवीन पेवं बांधली. पेव उघडलं की आत कोंदलेली हवा असते. माणूस तसाच उतरला तर वर येत नाही. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, त्याच्या कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक वर एकाच्या हातात. अकबर मुजावर उतरायचा तेव्हा दोर माझ्या हातात असायचा. मी उतरायचो तेव्हा त्याच्या. बेचाळीस वर्षं हा नेम चालला.

आता एकेचाळीस सह्यांचं. आमच्या भारवाहक पतसंस्थेचा जुना नियम असा की कर्जाला दोन जामीनदार हवेत आणि त्यातला एक तरी सही करणारा हवा. दोन्ही अंगठेवाले चालणार नाहीत. आमच्या टोळीत तेव्हा सही येणारे तिघं होते. त्यातले दोघं बायकोच्या भीतीनं कुणाला जामीन राहायचे नाहीत. तिसरा मी. आणि मलाही सही येऊन महिनाच झाला होता.

त्रेचाळिसाव्या वर्षी मला अक्षर आलं. मोनाली तेव्हा चौथीत होती. तिच्या दुरेघी वहीत ती मला वर एक ओळ काढून द्यायची, खाली मी गिरवायचो. चुकलं की लाल पेन्सिलीनं फुली मारायची. तिची आई भाकरी थापता थापता हसायची. सर्जेराव हा शब्द बिनचूक यायला मला बावीस दिवस लागले. रफार उलटा पडायचा. ज्या दिवशी जमला त्या दिवशी मी ती सही भिंतीवर, दारावर, पोत्यावर, सगळीकडं केली. पुढच्या आठवड्यात अकबर म्हणाला, घराच्या कर्जाला सही देतोस का. मी दिली. मग दुसऱ्यानं मागितली. माझी सही मागायला माणूस येतो, याचंच मला एवढं अप्रूप होतं की मी कधी आकडा मोजला नाही. एकाचं फिटलं की त्याचंच दुसरं कर्ज निघायचं आणि खाली सही माझीच. शेवटची सही मोनालीच्या घराच्या कर्जाला. ती तेव्हा संस्थेत कारकून होती. आता ती तिथली जोखीम अधिकारी आहे.

काटा दोन वर्षांपूर्वी आला. कागदोपत्री त्याचं नाव पडझड-मापक. आमच्या पेठेत तोलायच्या कुठल्याही यंत्राला काटाच म्हणतात, म्हणून तो काटा. आधीच्या काही वर्षांत राज्यभर पतसंस्था एकापाठोपाठ एक बसल्या होत्या आणि सरकारनं कायदा केला की प्रत्येक संस्थेनं हे यंत्र बसवायचं.

त्यामागचं शास्त्र मोनालीनंच मला समजावलं होतं, तेव्हा ती मला आप्पा म्हणत होती. पूर्वी संस्था एकेक कर्जदार वेगळा तोलायची. हा फेडील, हा बुडवील. पण बुडालेल्या संस्थांचे हिशेब शास्त्रज्ञांनी उलगडून बघितले तेव्हा कळलं की संस्था एकेका वाईट कर्जानं बुडत नाही. एक पडतो, तो आपल्या जामीनदाराला ओढतो, जामीनदार आणखी चौघांना जामीन असतो, त्या चौघांचा आधार जातो. थप्पीतलं कुठलं पोतं काढलं तर सगळी थप्पी येते, हे शोधायचं. पोतं केवढं जड आहे याला महत्त्व नाही.

काटा ते शोधतो. रोज संस्था बंद झाली की तो पुढलं वर्ष कल्पनेत जगून बघतो. एकदा नाही, दहा लाख वेळा. एका वर्षात पूर येतो, दुसऱ्यात हळदीचा भाव पडतो, तिसऱ्यात कुणाला झटका येतो. शंभरातल्या किती वर्षांत संस्था बुडाली, तो संस्थेचा अंक. सातच्या वर गेला की सगळ्यांच्या ठेवी वर्षभर गोठवायच्या, असा कायदा. आणि संस्था बुडाली अशा शंभर वेळांपैकी किती वेळा पडझड तुमच्यातून गेली, तो तुमचा अंक.

माझा अंक एकसष्ट होता. चेअरमनचा दोन.

इथवर मला काही तक्रार नव्हती. कंदील सोडल्याशिवाय पेवात उतरू नये हे मलाही कळतं. पण शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट सापडली होती. कागदावर सही नसली तरी माणसं एकमेकांना ओढतात. जो ज्याच्याबरोबर जेवतो, ज्याला रोज फोन करतो, त्याच्या अडचणीत तो पैसा घालतो आणि दोघंही जातात. म्हणून काटा फोनवरून हेही बघायचा की कोण कुणाजवळ किती वेळ बसतं. त्याचाही भार धरायचा.

माझा अंक एकसष्ट आल्यावर आठ दिवसांनी टोळीतल्या प्रत्येकाच्या फोनवर एक ओळ आली. सर्जेराव केंगार यांच्याशी रोजच्या संपर्कामुळे आपला अंक चारने वाढला आहे.

आम्ही दुपारी शेडखाली गोल करून जेवायला बसायचो. दुसऱ्या दिवशी मी फडकं सोडलं. कुणी जरा इकडं सरकला, कुणी तिकडं. शेवटी अकबर बोलला. तो बोलला याचंच मला लागलं. दुसरा कुणी बोलला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो.

"सरजा, थोडं पलीकडं बस. पोराच्या टेम्पोचं कर्ज मंजुरीला हाय."

"किती पलीकडं?"

"बारा फूट म्हनत्यात."

मी फडकं उचललं आणि पावलं मोजत बारा फुटांवर जाऊन बसलो. माझ्या आज्याला पेठेत असंच पलीकडं बसवायचे. त्याला निदान किती फूट ते सांगत नव्हते. भाकरी तशीच गुंडाळून मी घरी आलो. पुढल्या आठवड्यात पेव उघडायचं होतं तर मुकादमानं दोर धरायला दुसरा माणूस दिला. महिन्याभरानं मला हलकं काम दिलं, म्हणजे झाडलोट. मोनालीचा फोन बंद झाला. तिच्या घराच्या कर्जाचं व्याज तिच्या अंकावर होतं आणि तिच्या अंकावर मी होतो. तिनं हिशेब केला असणार. हिशेबात ती लहानपणापासून पक्की.

आणि मग, सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी, चेअरमननी मला बोलावून कागद पुढं केला. संबंध नसल्याचा जाहीरनामा. त्यावर मी सही केली की सहा महिने मोनालीनं आणि मी भेटायचं नाही, फोन करायचा नाही. तसं काट्याला दिसलं की आमच्यातला भार काढून टाकतील. बाकी चाळीस जणांनाही असेच कागद दिले होते. त्यांच्या सह्या झालेल्या होत्या. अकबरची सगळ्यात वर होती. मोनालीची सगळ्यात खाली, निळ्या शाईत.

मी सही केली नाही. करणार नाही असंही म्हटलं नाही. उठून आलो.

आता जे मी केलं ते सांगतो. चांगलं नव्हतं.

तेवीस वर्षं एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. हप्त्याची तारीख उलटून चार दिवस झाले की काउंटरवरचा माणूस जामीनदार म्हणून मला निरोप द्यायचा. मी पहाटे त्या कर्जदाराच्या दारात जाऊन उभा राहायचो. बहुतेक जण मला बघूनच पैसे काढायचे. काहींच्या घरात खरंच काही नसायचं, ते डब्यांवरून कळतं. मग मी त्याचा हप्ता माझ्या हमालीतून भरायचो. पण भरायचो त्याच्याच नावानं. जामीनदारानं भरला अशी नोंद झाली की कर्जदाराचं नाव खराब होतं, पुढं त्याला कोण उभं करत नाही. काउंटरवाल्याला सांगायचो, त्याच्याच हातनं आला असं लिही. कर्जदार मला जमेल तसं परत द्यायचा. काही द्यायचे नाहीत. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या एकट्याचाच भरलाय.

म्हणून संस्थेच्या दप्तरात माझ्या एकेचाळीस जणांची खाती आरशासारखी स्वच्छ. काट्याला त्यातून एवढंच दिसायचं की एका म्हाताऱ्या, छातीत कळ येणाऱ्या हमालावर एकेचाळीस माणसं टेकलेली आहेत आणि तो कधी कुणाला उपयोगी पडलेला नाही.

बारा फुटांवर बसवल्यावर मी ते भरणं थांबवलं. पहाटेचं दारात जाणंही थांबवलं. निरोप आला की ऐकून घ्यायचो आणि झाडू मारायचो. बसा म्हटलं आता तुमच्या तुमच्या जाग्यावर.

पहिल्या महिन्यात चार हप्ते चुकले. दुसऱ्या महिन्यात नऊ. संस्थेचा अंक पाचावरून सहा दशांश आठवर गेला. माझ्यापासून माणसं तोडल्यावर तो उतरायला हवा होता, तो चढत होता. काट्यानं शेरा मारला: चांगली खाती अचानक बिघडली, कारण सापडत नाही. अठराशे जणांच्या ठेवी गोठायला दोन दशांश राहिले होते. त्यात हमालांच्या विधवा होत्या, पोरींच्या लग्नाचे पैसे होते. मला हे माहीत होतं. तरी मी झाडू मारत राहिलो.

एका दुपारी मोनाली घरी आली. दोन महिन्यांनी. चालत आली होती, तोंड लाल झालेलं. फोन ऑफिसच्या खणात ठेवून आले म्हणाली, म्हणजे ही भेट मोजली जाणार नाही.

"चोरून आलीस," मी म्हटलं.

"आप्पा, तुम्ही काय केलंय?"

"काहीच केलं नाही. दोन महिने करायचं सोडलंय."

ती उभीच राहिली. तिला कळलं नाही आणि मला सांगायचं नव्हतं. पण राग असा असतो की तो गप्प बसू देत नाही. तिनं विचारलं, एकेचाळीस जणांना जामीन राहून तुम्ही त्यांचं काय भलं केलंत ते तरी सांगा, सह्या करून मोकळे झालात. तेव्हा मी ट्रंक उघडली आणि वही तिच्या पुढ्यात टाकली.

ती तिचीच दुरेघी वही. पहिल्या चौदा पानांवर तिचं अक्षर वर आणि माझं खाली. लाल फुल्या. एका ठिकाणी "परत लिहा". पंधराव्या पानापासून माझं एकट्याचं. तारीख, नाव, रक्कम. दोनशे बारा हप्ते. त्या नावांतली अठरा माणसं अजून कर्जदार होती.

तिनं उभ्यानं चार पानं वाचली, मग खाली बसली. बराच वेळ बोटानं ओळी मोजत होती. मोजून झाल्यावर बोलली ती अधिकाऱ्यासारखी. म्हणाली, हे काट्यात घातलं की सगळं बदलतं. तुमच्यातून पडझड पुढं जात नव्हती, तुमच्यापाशी थांबत होती. दोनशे बारा वेळा थांबली. संस्थेचा अंक तीनवर येईल, तुमचा पाचाच्या आत.

"आणि ही अठरा?"

"त्यांची नावं लाल यादीत जातील. बोर्डावर लागतात. कर्ज एकरकमी मागितलं जाईल."

"म्हणजे घरं जातील."

"आप्पा, तिकडं अठराशे आहेत."

मी तिला कंदिलाचं सांगितलं. कंदील खाली सोडला की मनात पन्नास आकडे मोजायचे आणि ओढून घ्यायचा, असं अकबरच्या बापानं आम्हाला शिकवलं होतं. कारण कंदीलही हवा खातो. फार वेळ आत ठेवला तर चांगल्या पेवातली हवा तोच संपवतो, मग विझतो, आणि वरची माणसं म्हणतात, बघा, पेव वाईट होतं. तुमचा काटा दोन वर्षं आत लोंबकळतोय, मी म्हटलं. कुणी ओढून घेत नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "पण मला तो ओढून घ्यायचा अधिकार नाही. ही वही न्यायचा आहे."

"ने. आधी अडतिसावं पान बघ."

तिनं काढलं. त्या पानावर तिचं नाव होतं, सहा वेळा. ती टायफॉइडनं दवाखान्यात होती आणि नवरा घर सोडून गेला होता, तेव्हाचे हप्ते. ते नवऱ्यानं भरले असं ती समजत होती. एवढं तरी त्यानं केलं, असं माझ्यासमोर दोनदा म्हणाली होती. मी काही बोललो नव्हतो.

"म्हणजे त्यानं एकही भरला नव्हता," ती म्हणाली.

लाल यादीतल्या माणसाला जोखीम अधिकारी राहता येत नाही. हा नियम तिनंच मला सांगितलेला. तिनं पानाच्या वरच्या कोपऱ्याला हात लावला. तिच्या मनात काय आहे ते मला दिसलं आणि मला ते नको होतं का हवं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

"पानांना नंबर आहेत," मी म्हटलं. "तूच घालायला लावलेस."

तिनं वही मिटून पिशवीत घातली. मी म्हटलं, नेलीस तर माझ्या दारात परत यायचं नाही. ती गेली. मी तिचा हात धरू शकलो असतो. पोती उचललेला हात आहे, अजून तेवढी ताकद आहे. धरला नाही. मोनालीच्या नावाची मला भीती होती, पण बाकी सतरा जण शेडखाली गोल करून बसलेले माझ्या डोळ्यांपुढं होते. बोर्डावर लागू देत, असं मनात आलं. ते आलं नाही असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक आला. माझा चार. संस्थेचा तीन. बोर्डावर अठरा नावं, प्रत्येकापुढं जामीनदारानं गुपचूप भरलेल्या हप्त्यांचा आकडा. पहिलं नाव अकबर मुजावर, एकतीस. शेवटचं मोनाली केंगार, सहा. माझ्या फोनवर ओळ होती: आपला अंक टिकवण्यासाठी खालील अठरा व्यक्तींशी संपर्क टाळावा.

ती वाचत असतानाच मोनाली फाटकाबाहेर उभी दिसली. आत येईना. हातात कागदांचा गठ्ठा.

"दारात येऊ नको म्हणालात, म्हणून इथूनच सांगते," ती म्हणाली. "नोकरी सकाळी गेली. आता ऐका. यादीत नाव लागलं की जुना जामीन रद्द होतो, पण तोच माणूस परत नव्यानं राहू शकतो. लाल यादीतल्या माणसाला पाचाच्या आतल्या अंकाचा नवा जामीनदार मिळाला तर कर्ज मागता येत नाही. सगळ्या पेठेत पाचाच्या आत आहेत चेअरमन, दोन व्यापारी आणि तुम्ही. काटा हिशेब संस्था बंद झाल्यावर करतो. सह्या दिवसा होतात. म्हणजे आज पाच वाजेपर्यंत तुम्ही चारच आहात, कितीही सह्या केल्या तरी."

"आणि उद्या?"

"अठराही झाल्या तर परत एकसष्ट. मी काढून बघितलंय. संस्था पाचावर राहील, सातच्या आत."

"हे काल माहीत होतं तुला?"

"वही मिटताना सुचलं."

मी तिला आत ये म्हटलं नाही. चप्पल घातली आणि तिच्याबरोबर निघालो. बारा फूट वगैरे न ठेवता.

संस्थेच्या हॉलमध्ये मोनालीच्या निरोपानं माणसं जमली होती. चेअरमन मध्ये आले. सर्जेराव, आजच तुमचं नाव साफ झालं, परत त्याच खड्ड्यात कशाला, असं काहीबाही म्हणाले. मी विचारलं, नियमात बसतंय का. बसतंय, पण बरोबर नाही, ते म्हणाले. मी पेन मागितलं.

कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. बघावं अशी माझीही इच्छा नव्हती. एक एक जण कागद ठेवायचा, मी सही करायचो, तो उचलून न्यायचा. मधला एक जण कागद ठेवताना म्हणाला, "आज वही आनली न्हाई व्हय?" मागं सगळे हसले. मी त्याच्याही कागदावर सही केली. रफार नीट काढला. त्या हसण्यात आभार कुठंच नव्हते आणि माझ्या सहीत माया नव्हती. त्यांनी मला पलीकडं बसवलं होतं, मी त्यांना उघडं केलं होतं. एवढाच व्यवहार होता. सोळा सह्या झाल्या. सतरावी मोनालीची. तिनं कागद ठेवला आणि मी लिहीत असताना ती अक्षराकडं बघत होती, चौथीतल्यासारखी.

अठरावा आला नाही. चारपर्यंत वाट बघितली. मग अकबरच्या कागदावर जामीनदाराच्या जागी माझी सही आधीच केली, कागद खिशात घातला आणि त्याच्या घरी गेलो. एकतीस वेळा त्या दारात पहाटे उभा राहिलो होतो. उजेडात पहिल्यांदाच जात होतो.

तो ओट्यावर बसला होता. मी कागद पुढं केला, म्हटलं, तुझी सही तेवढी कर, पाचला बंद होतंय. मधल्या वर्षांत मीच त्याला सही शिकवली होती.

त्यानं कागद हातात घेतला नाही.

"तुला बारा फुटांवर बशिवलं," तो म्हणाला. "ते वाईट केलं. कबूल हाय मला."

"सही कर."

"भरलंस तू, एकतीस येळा. येकदा बोलून दाखवलं न्हाईस. मी मनात म्हनायचो, सरजासारखा मानूस न्हाई." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "पन लिवून कशाला ठेवलंस?"

मी कागद आणखी पुढं सरकवला.

"दर येळी घरी जाऊन लिवायचास. तारीख घालून. आनि सकाळी माझ्या फुड्यात बसून भाकरी खायचास. त्या काट्यात आनि तुझ्यात काय फरक राहिला सांग."

मी म्हटलं, घर जाईल. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, पोराचा विचार कर. तो म्हणाला, केलाय. आत त्याची बायको रडत होती, तिलाही त्यानं गप्प राहायला सांगितलं. पाच वाजेपर्यंत मी कागद धरून ओट्याखाली उभा राहिलो. सांगायचं होतं की अक्षर नवीन आलं होतं, हाताला लिहायची भूक होती, आणि लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात तेवढंच होतं. पण हे खरं असलं तरी त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पाच वाजले. त्यानं उठून दार लावून घेतलं.

मोनाली आता माझ्याकडंच राहते. तिचं घर तिनं भाड्यानं दिलं, हप्ता त्यातून जातो. वही संस्थेच्या तिजोरीत आहे, पुरावा म्हणून. परत मागितली नाही.

त्या दिवसानंतरच्या सकाळी अंक आला तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. तिनं तिचा फोन बघितला, मग माझा मागून घेतला. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: अपेक्षेपेक्षा सुधारणा.

अठ्ठावन्न. एकसष्टला तीन कमी होते. ते अकबरचे.